राजाच्या पोटातलं शिसं

कायबारिएन या समुद्रकाठच्या गावच्या बुद्धिबळ मंडळात एखादा मोहरा खुळखुळला की पहिली हाक मंडळाचे मोहरे सांभाळणाऱ्या ओनेलिओला. तो मोहरा कानाशी धरायचा, नारळातलं पाणी अजमावावं तसा हलवायचा आणि म्हणायचा, "वजन सुटलंय. ठेवून जा." मग तळाला चिकटवलेली हिरवी बनात, म्हणजे लोकरी कापड, वाफेवर सैल करायची, पोकळीतलं वजन काढायचं, भोक खरवडून साफ करायचं, गरम मेण सोडून वजन अंगठ्यानं दाबून बसवायचं, वर पुन्हा बनात. काम एवढंच. पण ते तो कोणासमोर करत नसे. दार लावून घ्यायचा. मोहऱ्यांच्या कपाटाची किल्ली कायम कमरेला, आंघोळीलासुद्धा.

लोक म्हणत, कारागीर माणूस, हातची कला दाखवत नाही. खरं काय ते त्याच्या बायकोला, नेरेइदाला ठाऊक होतं.

तीस वर्षांपूर्वी, वीज आणि पाव दोन्ही बेपत्ता झाले होते त्या साली, दुकानात मांजरानं चाटावं असंही काही उरलं नव्हतं. समुद्र दारात, पण होडी घालायची परवानगी नाही. नेरेइदानं जुन्या टायरांतला नायलॉनचा धागा उसवून पाग विणली. पाग म्हणजे धक्क्यावरून हातानं फेकायचं गोल जाळं. विणून झालं, पण कडेला बांधायला शिसं कुठाय? शिशावाचून जाळं पाण्यावर परकरासारखं फुगतं नि तरंगत बसतं. आणि गावात शिसं होतं ते एकाच ठिकाणी, मंडळाच्या आठ संचांच्या पोटात.

ओनेलिओनं एकेक मोहरा उघडला. शिसं काढलं, त्या जागी वाळू कालवलेलं प्लॅस्टर भरलं, बनात चिकटवली. त्या जाळ्यावर दोन लेकी वाढल्या.

"परत भरीन मी," तो तेव्हा म्हणाला होता.

भरलं नाही. आणि प्लॅस्टर खाऱ्या दमट हवेत टिकेना. आक्रसायचं, सुटायचं, खुळखुळायचं. शिसं असतं तर कैक वर्षांत एखाद्या वेळी हात लावावा लागला असता. हे दर आठवड्याला निघायचं. दुसऱ्या कोणी मोहरा उघडला की अब्रू गेलीच. म्हणून ओनेलिओ रजा घेईना की आजारी पडेना. वादळात घराचं छप्पर उडालं तेव्हा दूर सिएनफुएगोस शहरातल्या मेहुणीनं निरोप धाडला, दोन खोल्या रिकाम्या आहेत, कायमचे या. नेरेइदानं भांडी बांधली.

"माझ्यामागं ते कपाट दुसरा कुणी उघडंल," ओनेलिओ म्हणाला.

"मग बस त्या घोड्यांच्या तबेल्यात," ती म्हणाली आणि भांडी पुन्हा फळीवर मांडली. थोरलीच्या लग्नालासुद्धा तो सकाळी गेला नि संध्याकाळी परत आला.

परवाच्या सोमवारी क्रेसेन्सिओनं घात केला. हा ओनेलिओचा जुना खेळगडी, रविवारी घरी कॉफीला यायचा. म्हातारपणातही मोहरा पटावर आपटल्याशिवाय त्याला खेळल्यासारखं वाटत नसे. घोडा असा आपटला की बनात फाटली आणि पटभर पांढरी पूड सांडली.

"घोड्यानं लीद टाकली!" क्रेसेन्सिओ ओरडला. सगळे हसले.

याउमारा हसली नाही. ओनेलिओच्या हाताखाली खेळ शिकलेली ही पोर आता मंडळाची प्रमुख झाली होती. तिनं बोटानं पूड उचलली. "मास्तर, आतला मसाला कुजलाय सगळा. शनिवारी प्रांताची स्पर्धा आपल्याकडं. शुक्रवारी शेजारगावचा, रेमेदिओसचा सुतार बोलावते, आठही संच उघडून वजनं नव्यानं बसवील. तुम्ही घरी बसा आता. फार केलंत."

तीस वर्षं हेच ऐकायला त्याचा जीव आसुसला होता. आता ऐकलं तर हात कमरेच्या किल्लीवर गेला; सुतारानं उघडलं की शिसं गेल्याचं कळणार.

"सुतार कशाला? मीच करतो. गुरुवारपर्यंत देतो."

"आठ संच?"

"सांगितलं ना देतो!"

घरी नेरेइदा बोय मासे साफ करत होती. त्यानं सांगितलं. ती खवले काढत राहिली.

"शिसं आणणार कुठनं?" तिनं विचारलं.

खुंटीवरच्या पागेकडे तो बघत नव्हता, पण तिला कळलं. हात धुऊन तिनं पाग खाली घेतली. "तू नको कापू. बांधलंय मी, मीच सोडवते."

एकेक गोळी टप टप डब्यात पडत गेली.

"पुढंमागं शिसं मिळालं की—"

"हो. तेही भरशील परत," ती म्हणाली.

शेजारीपाजारी कामावर गेले की दुपारी तो कोळशावर शिसं वितळवायचा. लाकडात सरळ ओतलं तर लाकूड तडकतं, म्हणून आधी ओलसर वाळूच्या साच्यात चकत्या पाडल्या, मग मेणात बसवल्या. अंगठा सोलून निघाला. शुक्रवारी सुतार आलाच. त्यानं एक हत्ती उघडला, आत बघितलं, "इथं माझं काय काम?" म्हणाला आणि सायकलवर बसला. याउमारानं ओनेलिओला सगळ्यांसमोर मिठी मारली.

क्रेसेन्सिओ कोपऱ्यात पांढरा राजा तळहातावर झेलत होता. ओनेलिओ जवळ गेला तसा हळूच म्हणाला, "आलं वाटतं माघारी."

"काय?"

"शिसं, गड्या. हाताला कळत नाही होय? एका रात्रीत वजीर चिमणीएवढा हलका झाला नि आम्ही काय आंधळे होतो?"

"कोणाकोणाला ठाऊक होतं?"

"खेळणाऱ्या सगळ्यांना. याउमाराच्या बापानंच बजावलं होतं, ओनेलिओसमोर वजनाचं नाव काढायचं नाही. नेरेइदाची बोय कुणाच्या ताटात पडली नाही इथं? ही पोर हलक्याच मोहऱ्यांवर शिकली, तिला काय कळणार."

"मग बोलला का नाहीस, मेल्या?"

"तू एवढं कुलूप लावून बसलेला. म्हटलं, माणसाची लाज आहे, असू दे झाकलेली."

ओनेलिओ घरी आला. नेरेइदा उंबऱ्यावर बसली होती, बिनशिशाची पाग मांडीवर गोळा करून. रात्रीला नुसता भात आणि काळा घेवडा होता.

"कुणाला कळलं का रे?"

त्यानं जाळ्याकडे बघितलं. कडेला सुटलेल्या दोऱ्याची टोकं लोंबत होती.

"नाही," तो म्हणाला. "कुणालाच नाही."

"मग सोडवलं ते बरं झालं." तिनं सुस्कारा टाकला. "परवा क्रेसेन्सिओ यायचाय ना? चार घोटांपुरती कॉफी आहे डब्यात."

"त्याला नको बोलावूस."

"आता तुझं काय बिनसलं त्याच्याशी?"

किल्ली खुंटीवर अडकवायला त्यानं कमरेवरून काढली होती. ती पुन्हा कमरेला खोचली आणि तो हातपाय धुवायला मागे गेला.