ओयदिनने गाडीत ठेवलेली खरबुजं

ओयदिन माझ्याहून वयाने लहान, पण बोलण्यात मला कधी हार गेली नाही. ताश्कंदहून समरकंदला जाणाऱ्या मोठ्या रस्त्याच्या कडेला आमची दोघींची दुकानं शेजारी शेजारी होती. दुकानं म्हणजे काय, चार खांब आणि वर बोरूची चटई. तिच्याकडे तिच्या नवऱ्याच्या, नोरमत आकाच्या, म्हणजे नोरमतदादाच्या, शेतातली लांबट पिवळी खरबुजं, माझ्याकडे कुर्त, म्हणजे दह्याच्या खारट सुक्या गोळ्या, आणि मडक्यात थंड ताक. आमच्या मिर्झाचोलच्या उन्हात दोन्ही खपायचं.

तिची एक खोड मला कधी पटली नाही. गाडी थांबली की माणूस उतरायच्या आत ही खरबूज कापून फोड त्याच्या हातात ठेवायची. ट्रकवाला, पोलीस, लग्नाला निघालेलं वऱ्हाड, सगळ्यांना. खाऊन तो काही न घेता निघाला तर "घरच्यांना ने" म्हणून एक अख्खं त्याच्या कुशीत द्यायची. मी म्हणायचे, "अगं, तू विकायला बसतेस की वाटायला?" ती म्हणायची, "तुझं कुर्त खाऊन लोकांचा घसा कोरडा पडतो, मग ते माझ्याकडे येतात. तुझेच उपकार आहेत, सालोमात, तू बोलू नकोस."

तसं पाहिलं तर तिने जगावेगळं काही केलं नव्हतं. आमच्याकडे शेजारणीची वाटी रिकामी परत करत नाहीत आणि दारात आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने जाऊ देत नाहीत. तो नको नको म्हणणार, आपण घे घे म्हणणार, शेवटी तो घेणार. हे सगळे करतात. ओयदिन जरा जास्त करायची, इतकंच. तिला मूलबाळ नव्हतं. रस्त्यावरून जाणारे सगळे तिला आपलेच पाहुणे वाटायचे.

त्या उन्हाळ्यात खरबुजं ऐन भरात असताना एक पांढरी गाडी थांबली. जाव्लोन नावाचा एक तरुण उतरला. केस नीट कापलेले, बोलणं मध. फोनवर त्याचं चॅनेल आहे, लाखो लोक बघतात, असं तो म्हणाला. ओयदिनला त्यातलं काही कळलं नाही, पण पोरगं उन्हातून आलंय एवढं कळलं. तिने त्याला तख्तावर बसवलं, चहा दिला, फोडी कापल्या. आई काय करते, तिची तब्येत कशी आहे, लग्न ठरलं का, सगळं विचारून घेतलं. त्याने पोटभर खाल्लं, बोटं चाटली, आणि मग खिशातून सुई असलेलं एक छोटं यंत्र काढून एका खरबुजाच्या देठापाशी खुपसलं. यंत्रावर लाल दिवा लागला.

"काय रे, ताप आलाय का त्याला?" ओयदिन हसून म्हणाली. मीही हसले. यंत्र खतातलं विष मोजतं, असं त्याने सांगितलं, पण इतक्या हळू की आम्ही मान डोलावली आणि विसरलो. तो निघाला तेव्हा ओयदिनने त्याच्या गाडीची डिकी उघडायला लावली आणि आपल्या हाताने निवडून खरबुजं आत ठेवली. वर कापडात गुंडाळलेलं गरम नान. तो म्हणाला, नको ओपा, नको ताई, खरंच नको. ती म्हणाली, तुझ्या आईसाठी आहे, तुला कोण देतंय. मागच्या सीटवर बसलेला त्याचा मित्र फोन धरून होता. आम्हाला वाटलं, तो कुणाशी तरी बोलतोय.

पुढच्याच आठवड्यात माझ्या सुनेने, मुनीराने, ताश्कंदहून फोन केला. "आई, हे तुमच्या शेजारचंच दुकान ना?" तिने पाठवलेला व्हिडिओ मी पाहिला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यात जाव्लोन खरबूज खातच नव्हता. तेवढं सगळं कापून टाकलं होतं. लाल दिवा होता, भीतीदायक संगीत होतं, आणि मग ओयदिनचे हात, डिकीत खरबुजं ठेवणारे, अगदी संथ करून दाखवलेले. त्याचं "नको, खरंच नको" मात्र शाबूत होतं. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: विष विकतात आणि तोंड बंद ठेवायला लाच देतात.

मला वाटलं, आपली माणसं हसतील. ज्यांच्या घरातून आजवर एकही पाहुणा पिशवी भरल्याशिवाय गेला नाही, ती माणसं हे ओळखणार नाहीत? पण खाली लोकांनी काय काय लिहिलं होतं. कुणी म्हणे हिला तुरुंगात टाका, कुणी म्हणे माझा पोरगा खरबूज खाऊनच आजारी पडला होता. आणि आमच्याच महल्ल्यातली एक बाई, जिच्या मुलीच्या लग्नात ओयदिनने गाडीभर खरबुजं फुकट पाठवली होती, ती मला विहिरीपाशी म्हणाली, "तरी पण इतकं कुणी उगाच देतं का? काहीतरी असेलच."

गाड्या थांबेनाशा झाल्या. थांबल्या तर लोक काच खाली करून ती हीच का म्हणून बघायचे, फोटो काढायचे आणि जायचे. एक ओळखीचा ट्रकवाला मात्र नेहमीसारखा उतरला. ओयदिनने लगबगीने फोड कापून दिली. त्याने ती हातात घेतली, आभार मानले, इकडचं तिकडचं बोलला, आणि बोलता बोलता फोड तशीच ट्रकच्या पायरीवर ठेवून वर चढला. ट्रक हलला तशी ती धुळीत पडली. ओयदिनने ती उचलून पुसली. त्या दिवसानंतर तिने कापलेली फोड कुणापुढे केली नाही.

नोरमत आका कमी बोलणारा माणूस. त्याने खरबुजं जिल्ह्याच्या तपासणीला नेली, सगळं ठीक असल्याचा शिक्क्याचा कागद आणला आणि खांबाला लावला. तो वाचायला कोण थांबणार? एकाने वाचला, तोही म्हणाला, हल्ली कागदही विकत मिळतो. शेवटी एका व्यापाऱ्याने शेतातला सगळा माल पडत्या भावात उचलला. शरद ऋतूत मी मुनीराकडे गेले तर तिने मोठ्या दुकानातून आणलेलं खरबूज कापलं. त्यावर चकचकीत हिरवी चिकटपट्टी होती, तपासलेलं आहे अशी. त्या चिकटपट्टीची जाहिरातही जाव्लोननेच केली होती, मुनीराने कौतुकाने दाखवली. मी एक फोड खाल्ली. नोरमत आकाच्या शेतातलंच होतं ते. शपथेवर सांगणार नाही, पण वीस-पंचवीस वर्षं तेच खाल्लेल्या जिभेला इतकं कळतं. ओयदिनकडून मी नेलेली खरबुजं मात्र तिने सज्ज्यात ठेवली होती आणि पोरांना त्यांना हात लावायची बंदी होती. सुनेशी भांडून नातवंडं तोडायची नव्हती, म्हणून गप्प बसले.

थंडीत ओयदिनचं मूत्रपिंडाचं जुनं दुखणं वाढलं. डॉक्टरांनी हात टेकले. व्हिडिओमुळे ती आजारी पडली असं मी म्हणणार नाही, दुखणं आधीचं होतं. पण तो तिला पडल्या पडल्याही सोडत नव्हता. कुठून कुठून नवे लोक तो बघायचे, नव्या शिव्या यायच्या. ती भाचीचा फोन मागून घ्यायची आणि तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा बघायची. मी एकदा फोन ओढून घेतला. ती म्हणाली, "सालोमात, माझे हात बघ ना. चोरासारखे दिसतात." मला रडू आवरलं नाही. तिलाही नाही.

तिने नवऱ्याकडे एकच गोष्ट मागितली. मी जायच्या आधी तेवढं पुसून टाकायला सांग त्या पोराला. माझे हात तसे मागे ठेवून मला जायचं नाही.

वसंतात नोरमत आका ताश्कंदला निघाला आणि मलाही सोबत घेतलं. त्याच्या तोंडून शब्द फुटणार नाही हे त्याला माहीत होतं, आणि माझ्या तोंडाची ख्याती साऱ्या जिल्ह्यात आहे. विचारत विचारत आम्ही जाव्लोनच्या घरी पोचलो. दार त्याच्या आईने उघडलं. गोड बाई. आम्ही कोण, कशाला आलो, काही न विचारता तिने आम्हाला जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानापाशी बसवलं, चहा ओतला, सुकामेवा पुढे केला. मुलाला हाक मारून गावाकडचे पाहुणे आलेत म्हणाली आणि आत गेली.

जाव्लोनने आम्हाला ओळखलं. त्याचं तोंड उतरलं, हे मी नाकारणार नाही. त्याने नोरमत आकाचा हात दोन्ही हातांत घेतला. आकाने सगळं मान खाली घालून सांगितलं, बायको जाते आहे म्हणाला.

"आका, मला खरंच वाईट वाटतं," जाव्लोन म्हणाला. "पण आता काढला तर लोक म्हणतील, यानेही पैसे खाल्ले. मग माझ्यावर कोण विश्वास ठेवेल? असं करू, नवीन व्हिडिओ करू. तुम्ही सांगा, आधी खत जास्त पडत होतं, आता सुधारणा केली. लोकांना माफ करायला आवडतं."

"जे पडलं नाही ते पडलं म्हणू?" आका म्हणाला.

"एक वाक्य आहे, आका."

"ती ऐकेल ना ते."

आम्ही उठलो. तेवढ्यात त्याची आई धावत आली, हातात भरलेली पिशवी. दोन नान, हलवा, चहाची पुडी. आका नको नको म्हणाला, ती घ्याच म्हणाली, आतून एवढंच कानावर आलं, घरी कुणी आजारी आहे म्हणे, त्यांच्यासाठी घ्या. मी आजवर पुष्कळ ठिकाणी जीभ चावली आहे, तिथे नाही चावली. मी जाव्लोनकडे वळून विचारलं, "बाळ, तुझी आई आम्हाला कशाची लाच देते आहे, ते जरा सांग."

त्या बाईला काही कळेना. ती एकदा माझ्याकडे बघे, एकदा मुलाकडे. त्याचे कान लाल झाले होते. नोरमत आकाने माझी बाही ओढली, पिशवी दोन्ही हातांनी घेतली, आणि त्या माउलीसाठी नीट शांतपणे दुवा मागितली. दुवा संपताना तिनेही त्याच्यासोबत आपल्या चेहऱ्यावरून हात फिरवले. तो व्हिडिओ आजही आहे तिथेच आहे.

घरी पोचलो तर ओयदिन दाराकडे डोळे लावून पडली होती. "काढला?" एवढंच विचारलं तिने. आका तिच्या उशाशी बसला आणि म्हणाला, "काढला." उभ्या आयुष्यात मी त्याला खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग पिशवी कुणी दिली विचारलं, हलव्याचा कण जिभेवर ठेवला आणि म्हणाली, "चांगली बाई आहे." फोन तिने पुन्हा कधी मागितला नाही. तिला पटलं होतं की नवऱ्याचं मन राखत होती, मला सांगता येणार नाही. पेरणी मात्र तिने हट्टाने करून घेतली. आणि खरबुजं धरायच्या सुमारास ती गेली.

ती गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी सगळा महल्ला आला. रस्त्यावरचे दुकानवालेही आले, मुनीरा पोरांना घेऊन ताश्कंदहून आली. शेत घराच्या मागेच. पिकलेल्या खरबुजांचा वास अंगणात भरून राहिला होता. त्या वासात आम्ही दस्तरखानाभोवती बसलो, आणि माझ्या लक्षात आलं की समोर खरबूज नाही. नान होतं, पुलाव येत होता, दुकानातली गोळ्या-चॉकलेटं होती, बाटलीबंद रस होते. खरबूज पिकवणाऱ्याच्या घरी, ऐन हंगामात, फोड नव्हती.

मी नोरमत आकाला बाजूला घेतलं. म्हटलं, "आका, तिच्या नावाने एक तरी कापा."

तो म्हणाला, "आणि कुणी नको म्हणालं तर? आज ते ऐकायची माझ्यात ताकद नाही, सालोमात."

मी परत येऊन बसले. आजूबाजूला पाहिलं. कुणी विचारलं नाही. वास सगळ्यांनाच येत होता. मुनीराने तर धाकट्याचं लक्ष शेताकडच्या दाराकडे जाऊ नये म्हणून त्याला मांडीवर ओढून घेतलं. कुराण वाचून झालं, दुवा झाली, बायका रडल्या, मीही रडले. लोक उठले तेव्हा दारात आका उभा होता, कमरेला शोकाचा पट्टा बांधलेला, बाजूला पिशव्यांचा ढीग. तिच्या घरून कुणी रिकाम्या हाताने जाऊ नये, म्हणून तो प्रत्येकाच्या हातात एक पिशवी देत होता. आत कारखान्यातली बिस्किटं होती, वर छापलेलं नाव, छापलेली तारीख. सगळ्यांनी घेतली. नको म्हणायची रीत असते, तेवढ्यापुरतंही कुणी नको म्हणालं नाही.