दोन नंबरच्या खोलीत झोपलेला माणूस

आमच्या लॉजच्या दोन नंबरच्या खोलीत, पलंगावर, कुणीतरी परका पुरुष झोपलाय, हे मला त्या खोलीत उतरलेल्या बाईंनी येऊन सांगितलं. सकाळचे साडेअकरा वाजले होते. मी ओट्याशी कांदा चिरत होते. बाईंच्या हातात किल्ली तशीच होती. त्या ओरडत नव्हत्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "आमच्या बेडवर कुणीतरी आहे."

मला वाटलं चोर. सुरी हातात तशीच धरून मी पडवीतून धावले. तेवढ्यात मागच्या अंगणातून अण्णा आले, माझे वडील, हातात वाळत घालायची ओली चादर. मला दारात बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू. माणूस झोपलाय."

मी आजवर बऱ्याच गोष्टींनी हादरलेय. कारखान्याच्या गेटवर पोलीस आलेले बघितलेत, एका सकाळीत लाइनवरची सगळी कंत्राटी पोरं घरी पाठवलेली बघितलीत. पण स्वतःचा बाप शांतपणे असं म्हणतो तेव्हा काय करायचं, हे संघटनेच्या कुठल्याच शिबिरात शिकवलं नव्हतं.

आम्ही इथे कसे आलो ते आधी सांगते. आम्ही मूळचे लातूरकडचे. अण्णांचं आयुष्य गेलं कंपनीत, आधी भोसरीला, मग कंपनी हलली तसं महाळुंग्याला. दोन वर्षांपूर्वी त्यांची लाइन बंद केली आणि सगळ्यांना स्वेच्छानिवृत्ती दिली. त्यातली स्वेच्छा नेमकी कुणाची, यावर मी एक पत्रक लिहिलं होतं. कामगारांच्या एका छोट्या संघटनेत मी तेच काम करते. शिफ्ट सुटताना गेटवर वाटायचा कागद. वाचणाऱ्याकडे बस येईपर्यंतचाच वेळ असतो, म्हणून वाक्य लहान हवं आणि पहिल्या ओळीत राग हवा. मला दोन्ही जमतं.

पत्रकाने लाइन काही सुरू झाली नाही. अण्णांच्या लाइनवरचे एक जुने सोबती या घाटमाथ्यावरच्या गावचे. त्यांनी इथल्या आपल्या जागेत चार खोल्या बांधून ठेवल्या होत्या, पण स्वतः मुलाकडे चऱ्होलीला फ्लॅटमध्ये राहायला गेले होते. ते अण्णांना म्हणाले, "वहिनी तीस-तीस पोरांची मेस चालवतात. चार खोल्यांचं काय अवघड आहे? एक सीझन चालवून बघा." अट एकच. पाहुण्यांची एक जरी तक्रार त्यांच्यापर्यंत आली, तर दिवाळीनंतर जागा दुसऱ्याला.

आईने महाळुंग्यातली मेस एका बाईला देऊन टाकली. भाड्याची खोली सोडली. म्हणजे परत जायला काही ठेवलंच नाही. मी चार महिन्यांसाठी म्हणून आले, घडी बसवून द्यायला. या दोघांना फोनवर गोड बोलता येत नाही. मलाही येत नाही, पण मला निदान लिहिता येतं. नियमांचा बोर्ड मीच लिहिला, ठळक अक्षरात, पडवीत दिसेल असा. चेकआउट दहाला. दारू नको. गडावर प्लास्टिक नेऊ नका. आठवी ओळ: ड्रायव्हरची राहण्याची सोय नाही.

ही ओळ मी का लिहिली? आजूबाजूच्या सगळ्या लॉजवाल्यांनी लिहिली होती म्हणून. मी ती बघून उतरवली. याहून जास्त विचार केला नाही, आणि हे लिहिताना मला अजून लाज वाटते.

आता अण्णांची कॉट. तरुणपणी गावाहून आले तेव्हा ते भोसरीत कॉटवर राहायचे. एका खोलीत तीन कॉट आणि नऊ माणसं, तीन शिफ्टची. पहिल्या शिफ्टचा उठून गेला की रात्रपाळीचा येऊन त्याच जागी आडवा व्हायचा. उठणाऱ्याने आपली चादर गुंडाळून खिळ्याला लावायची, उशी बरोबर न्यायची आणि गादी उलटी करून जायचं, म्हणजे येणाऱ्याला थंड बाजू मिळते. आणि एक नियम सगळ्यांच्या वरचा. झोपलेल्याला उठवायचं नाही. घरून तार आली असली तरी नाही. चपला बाहेर, बोलणं हातवाऱ्यांनी.

यावर मी पत्रक काढलं होतं, 'गरम कॉट' नावाचं. मजुराला स्वतःची गादीसुद्धा नाही, तो यंत्राचा सुटा भाग आहे, वगैरे. महाळुंग्यात तेव्हाही तशा खोल्या होत्या, आजही आहेत. पत्रक गाजलं. अण्णांनी ते चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाले, "समदं बरोबर लिवलंस. पण तितं झोप लई गाढ लागायची, तेवढं लिवायचं राह्यलं."

मी हसले होते. बापाला राजकारण कळत नाही असं मनात म्हटलं होतं.

तर त्या दिवशी. ताथवड्याहून एक कुटुंब आलं होतं, पहाटे निघून सकाळी आठलाच हजर. साहेब, बाई, दोन मुलं आणि साहेबांची आई. भाड्याची गाडी, तिचा ड्रायव्हर. सामान उतरवून झाल्यावर ड्रायव्हर मला हळूच म्हणाला, "ताई, दोन तास पडायला कुठं जागा मिळंल का?" मी बोर्डाकडे बोट दाखवलं. वर म्हणाले, "गाडीत झोपा ना, सावलीत लावा." तो "बरं ताई" म्हणाला आणि गेला. मी कामाला लागले.

पाहुणे जीपने धबधब्याकडे गेले, कारण पुढच्या रस्त्यावर त्यांची गाडी चढत नाही. संध्याकाळी परतून, जेवून मुक्काम करायचा असा बेत. पण आजींचा गुडघा धरला, म्हणून बाई त्यांना घेऊन साडेअकरालाच परत आल्या. दार उघडलं, आणि पलंगावर पाठमोरा माणूस.

"अण्णा, कोण आहे तो?" मी विचारलं.

"यांचाच की ड्रायव्हर."

बाई म्हणाल्या, "आमचा ड्रायव्हर?" त्यांनी पुन्हा वाकून पाहिलं. तीन तास त्या त्याच्या मागे बसून आल्या होत्या, तरी ओळखायला वेळ लागला. मग मानेवरून ओळखलं.

"तुम्ही आमच्या बेडवर ड्रायव्हरला झोपवलंत?"

"गादी उलटी केलीय, ताई. चादर माझी हाय, धुतलेली. तुमच्या उशीला हात न्हाई लावला," अण्णा म्हणाले. त्यांना खरंच वाटत होतं की एवढं सांगितलं की विषय संपला. "तुमी संध्याकाळपर्यंत येणार नव्हता. पलंग रिकामाच हुता."

मी हात जोडले. सॉरी मॅडम, चूक झाली मॅडम, आत्ता खोली बदलून देते, नवी चादर घालते. ही मी. गेटवर अधिकाऱ्याची गाडी अडवणारी. माझा आवाज मलाच ओळखू येईना, इतका मऊ आणि चोपडा झाला होता.

बाईंनी साहेबांना फोन लावला. अर्ध्या तासात साहेब मुलांसकट परत आले, चढ्या आवाजातच. "हे काय चालवलंय? आमच्या बॅगा आहेत आत! कुणालाही घुसवता?" त्यांचं चुकलं होतं का? नव्हतं. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हणाले असते, त्यांच्यापेक्षा मोठ्याने.

"आम्हाला इथे राहायचंच नाही. उठवा त्याला. आत्ता निघतो."

गाडीची किल्ली आमच्या किल्ल्यांच्या फळीवर लटकत होती. साहेब तिकडे वळले आणि अण्णांनी ती काढून खिशात टाकली.

"अण्णा!" मी किंचाळलेच. "वेडे झालात का? हे लॉज आहे, तुमची भोसरीची खोली नाही!"

"वरडू नगंस. उठंल तो."

"उठू दे! त्यांची गाडी आहे, त्यांचा ड्रायव्हर आहे, तुम्ही कोण?" मग मी दात आवळून बोलले, जे मला बोलायचं नव्हतं. "एक तक्रार गेली की जागा जाईल, माहितीये ना? आई मेस देऊन बसलीय. कुठे जाणार आहोत आपण?"

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. ती अण्णांकडेच बघत होती. ती मला हवी होती माझ्या बाजूने.

अण्णा साहेबांकडे वळले. "साहेब, चहा देताना मी त्याला इचारलं. परवाच्या सेकंड शिफ्टपासून जागाय त्यो. चाकणला कंपनीची बस चालवतो, स्टाफची. काल रात्रीची टिरिप मारली, बस लावली, आन् त्याच्या मालकानं ही गाडी दिऊन तसंच तुमच्याकडं पाठवलं. येताना घाटात दोनदा डोळा लागला म्हणला."

साहेबांनी बाईंकडे पाहिलं.

"दोनदा?" बाईंनी विचारलं.

"त्यो म्हणला मला. मी काय गाडीत नव्हतो."

"बाबा, म्हणून ते गाणी लावा म्हणत होते," धाकटी मुलगी म्हणाली.

मला त्या क्षणी बोर्डाकडे बघायचं नव्हतं, पण तो समोरच होता. माझं अक्षर. आठवी ओळ, ठळक. यंत्राचा सुटा भाग असं पत्रकात लिहिणारीने सकाळी आठ वाजता त्या माणसाला गाडीत झोपा ना म्हणून सांगितलं होतं. अण्णांनी ते ऐकलं होतं. मला एका शब्दाने बोलले नव्हते. चादर शोधायला गेले होते.

साहेब तरीही थांबले नसते. रागात माणूस निघतोच, मग रस्ता कसाही असो. पण आजी पडवीतल्या खुर्चीत बसल्या होत्या, गुडघ्याला माझ्या आईने दिलेला शेकाचा कपडा गुंडाळून. त्या म्हणाल्या, "मी नाही उतरायची घाट. तुला जायचं तर जा. पोरांना इथे ठेव."

"आई, तू मध्ये बोलू नकोस."

"मध्ये नाही, मी मागच्या सीटवर असते. झोपू दे त्याला."

मग चार तास आम्ही सगळे पडवीत बसलो. आईने पिठलं-भाकरी केली. साहेब जेवले नाहीत. त्यांनी जागेच्या मालकांचा नंबर मागितला आणि मी तो दिला. काय करणार? मालकांशी ते अंगणात उभं राहून बोलले, आणि ते अंगणातच बोलले, दोन नंबरच्या खिडकीखाली नाही, एवढं मला दिसलं. मुलं पत्ते खेळत होती. डाव जिंकल्यावर थोरला ओरडायला गेला, तर धाकटीने त्याच्या तोंडावर हात ठेवला.

चारच्या सुमाराला दार उघडलं. ड्रायव्हर बाहेर आला आणि त्याला एकदम सगळे दिसले, ओळीने बसलेले. चाळिशीचा माणूस, शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखा उभा. "सॉरी साहेब, सॉरी मॅडम. काका म्हणाले म्हणून... आमच्या मालकांना सांगू नका, साहेब. काम जाईल."

साहेब उठले. "तोंड धुवा," म्हणाले. "चहा घ्या. मग निघू." अण्णांनी खिशातली किल्ली काढून फळीवर परत लावली.

खोली आवरायला मी आत गेले. अण्णांनी उलटी केलेली गादी त्याने उठताना पुन्हा उलटी केली होती. चादर घडी घालून पायथ्याशी. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तोही कधीतरी कुठल्यातरी कॉटवर राहिलेला असणार. मी पलंगाच्या कडेला बसले आणि मला रडू आलं. कशाचं, ते मला नीट सांगता येणार नाही.

चार दिवसांनी मालक स्वतः आले, चऱ्होलीहून. अण्णांना पडवीत बसवून बोलले. पाहुण्याच्या गादीवर पाहुणाच झोपणार, यात काही सूट नाही. अण्णा मान खाली घालून ऐकत होते. मालकांचंही बरोबर होतं, आणि मी ते तसंच सांगितलं. मग त्यांना माझी खोली दाखवली. मागची, लाकडाच्या वखारीला लागून असलेली. मी आईजवळ स्वयंपाकघरात झोपायला लागले होते. माझ्या खोलीत आता ड्रायव्हर लोकांसाठी दोन खाटा, दोन गाद्या आणि भिंतीला खिळे.

मालक खिळ्यांकडे बघत राहिले. तेही त्याच लाइनवरचे. "किती खिळे मारलेस रे?" त्यांनी अण्णांना विचारलं.

"सहा."

"दोन कॉटला सहा. हिशोब बरोबर आहे." मग जाताना फाटकापाशी म्हणाले, "पाहुण्यांच्या गाद्यांना हात लावू नका. तुमच्या खोलीत कोण झोपतं ते मला काय करायचंय. दिवाळीनंतरही चालवा."

आठव्या ओळीवर मी रंग फासला. तिथे काय लिहावं ते मला सुचेना, म्हणून ती जागा अजून कोरी आहे. चार महिने संपले तरी मी गेले नाही. फोन मीच घेते. बुकिंगवाले गरम पाणी विचारतात, वायफाय विचारतात, धबधब्याला पाणी आहे का विचारतात. सगळं सांगून झालं की मी एक विचारते: "तुमचा ड्रायव्हर शेवटचा कधी झोपलाय?"

बहुतेकांना प्रश्नच कळत नाही. मग फोनवर हात ठेवल्याचा आवाज येतो, आणि त्यातूनही ऐकू येतं: "अगं, तो ड्रायव्हर ठरवलाय ना, त्याचं नाव काय? फोन करून विचार बरं त्याला."