कूट तेवढं घातलंय

"वहिनी, कोशिंबिरीत शेंगदाणे नाहीत ना?" दादाकडे जेवायला बसताना मी विचारलं. माझ्या मुलीला दाणे चालत नाहीत. ओठ सुजतात, श्वास कोंडतो. हे घरात सगळ्यांना पाठ आहे.

"छे हो भावोजी, एक दाणा नाही. कूट तेवढं घातलंय."

मी कपाळाला हात लावला. भांडायचं तरी कोणाशी? आमच्याकडे दाणे म्हणजे मूठभर खायची वस्तू, आणि कूट म्हणजे मिठासारखं, ते कोणी धरतच नाही. भाजी दाट करायला कूट, काकडीचं पाणी शोषायला कूट, उपवासाला तर कूटच. वहिनींनी लगबगीनं दुसरी वाटी आणली. "हिच्यासाठी वरचं कूट काढून टाकलंय हं."

"मी नुसता वरणभात खाते, काकू," मुलगी शांतपणे म्हणाली.

एवढ्याशा पोरीला हे शहाणपण यावं, याचा मला संताप आला. त्या संतापात मी माझी कोशिंबीर बोटांनी पुसून संपवली. कुटाशिवाय ती मला कधी आवडलीच नाही. मग तिचा भात कालवायला हात पुढे केला, तशी ताट स्वतःकडे ओढत ती म्हणाली, "बाबा, आधी हात धू."