वैशालीच्या नावावरची फाइल

"फाइल निघत नाही, काम ठप्प आहे, आणि कारखान्याचा माणूस फोन ठेवायला तयार नाही," दातारसाहेबांनी मला जिन्यातच गाठलं.

त्यांची छोटी सॉफ्टवेअर कंपनी सांगलीत, गुळाच्या एका वखारीच्या वर होती. नवा सर्व्हर मीच बसवून दिला होता, म्हणून साताऱ्याहून मिळेल ती एसटी धरून आलो. एका साखर कारखान्याच्या वजनकाट्याचा प्रोग्राम त्यांनी केला होता. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या असल्या की तो दुसरीचं वजनच धरायचा नाही. काट्यावर उसाच्या गाड्यांची रांग लागली होती.

आत एक मुलगी फोनवर होती. पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. "आवं बाई, दुसरी ट्रॉली तुमच्या कंप्युटरला दिसंना, मी काय करू? लोक मलाच काट्यावर चढवाया निघाल्यात!"

मी कामाला लागलो. प्रोग्रामच्या फाइली सर्व्हरवर असतात. बदल करायचा तर फाइल आपल्या नावावर काढून घ्यायची, याला चेकआउट म्हणतात. ती परत ठेवेपर्यंत इतरांनी नुसती वाचायची. भांडणं होऊ नयेत म्हणून ही सोय.

केबल पाहिली. परमिशन पाहिल्या. बाकीच्या फाइली बिनतक्रार निघत होत्या. अडली होती ती काट्याचीच. स्क्रीनवर एरर होती: फाइल 'vaishali' या नावावर आहे.

"वैशाली कोण?"

"ती गेली," दातारसाहेब म्हणाले.

"अरेरे! कशाने?"

"कशाने म्हणजे? लग्न झालं."

"मग आता कुठे असते?"

"ही काय, फोनवर."

सासरी तिचं नाव मुक्ता ठेवलं होतं. ती लग्नाच्या रजेवर असतानाच मी सर्व्हर बदलला. लॉगिनची नावं दातारसाहेबांनी दिली आणि हौसेने 'mukta' सांगितलं. फाइल मात्र ती लग्नाआधी वैशाली म्हणून काढून गेली होती.

मुक्ताने फोनवर हात धरला. "सकाळपासून सर्व्हरला सांगतेय की मीच ती. ऐकतच नाही."

"रेशनकार्ड दाखवायची काही सोय?" दातारसाहेबांनी मला खरोखरच विचारलं.

"त्यावर अजून वैशालीच आहे, सर."

"मग तर उत्तमच!"

चेकआउट जबरदस्तीने मोडता आलं असतं. पण ट्रॉलीची दुरुस्ती तिने लग्नाआधीच लिहून ठेवली होती, आणि ती वैशालीच्या फोल्डरमध्ये बंद होती. शेवटी मी 'vaishali' हे लॉगिन पुन्हा तयार केलं आणि जुना फोल्डर त्याला जोडला. तिने पासवर्ड टाकला. दुरुस्तीसकट फाइल मुकाट्याने परत गेली. तिने प्रोग्राम तपासला, आणि फ्लॉपी घेऊन ऑफिसातला एकजण मोटरसायकलवर कारखान्याकडे सुटला.

दुपारी फोन आला. "दिसली! दुसरी ट्रॉली दिसली! लय उपकार झालं. नाव काय म्हनला बाई तुमचं?"

तिने एकदा दातारसाहेबांकडे पाहिलं. "वैशाली."

निघताना मी जुनं लॉगिन काढायला बसलो.

"ते राहू द्या," ती म्हणाली. "दुसरं काढा."

"पण हजेरीत मुक्ता लिहिलंय," दातारसाहेब म्हणाले.

"मग तेही बदला, सर."

त्यांनी पेन उघडलं.

पुढे मी पुष्कळ ऑफिसांत सर्व्हर बसवले. लॉगिनचं नाव मालकाला कधी विचारलं नाही. ज्याचं त्याला विचारतो.