सालीची धास्ती

परसात मोरीच्या पाण्यावर लावलेले टमाटे यंदा लई धरले होते, पण ते तोडतानाच छबुबाईला धास्ती वाटायची. तिच्या नवऱ्याला, धोंडीरामांना, दोन महिन्यांपूर्वी लकवा झाला. तेव्हापासून घास गिळणं अवघड. मागच्या सोमवारी टमाट्याच्या सारातली नखाएवढी साल घशाला चिकटली आणि माणूस डोळ्यांदेखत निळा पडला. पाठीत थापट्या घालून कसाबसा श्वास परतला. त्याच संध्याकाळी तिनं देवापुढं दर सोमवारचा निरंकार उपास बोलला. दिवेलागणीपर्यंत पाण्याचा थेंबसुद्धा नाही.

चूक तिचीच होती. त्या दिवशी अर्धकच्चे टमाटे उकळत्या पाण्यात टाकले, साल तुकड्यातुकड्यांनी सुटली. आज तिनं लालबुंद तेवढेच निवडले. बुडाला फुलीसारखी चीर दिली, अकरा वेळा नाम घेईपर्यंत उकळत्या पाण्यात ठेवले आणि लगेच गार पाण्यात सोडले. लेकराचं झबलं काढावं तशी साल उतरली. दोन हट्टी निघाले, ते अर्धे कापून किसणीवर घासले. गर खाली, साल तळहातात.

जाऊ सुंदरबाई दारात टेकून हसली. "आक्का, टमाटे सोलायलीस का नवरीला न्हाऊ घालायलीस?"

"हस तू. त्या दिवशी तू न्हवतीस इथं."

"मग चाळणीतून काढ की."

"काढलंय. तरी भ्या वाटतंय."

"आण, मी चाखते."

"तुझ्या तोंडात मिश्री. साल काय, खडा आला तरी कळायचा न्हाई तुला."

सुंदरबाई गेली. छबुबाई दाट साराची वाटी घेऊन उभीच. आज सोमवार. चाखावं तर उपास मोडतो; न चाखता द्यावं तर... तिला तो निळा चेहरा दिसला.

"देवा, काय कापायचं ते माझ्या पुण्यातलं काप," ती पुटपुटली आणि चमचा तोंडात घातला.

टाळूला काहीतरी चिकटलं. बोटानं काढलं. साल!

जुन्या धोतराच्या फडक्यातून तिनं सगळं सार पुन्हा गाळलं, पुन्हा चाखलं, आणखी एकदा चाखलं.

पहिला चमचा भरवताना तिची नजर धोंडीरामांच्या गळ्यावरून हलली नाही. कंठ वर गेला, खाली आला. त्यांनी तिच्या सारानं लाल झालेल्या ओठांकडं बघितलं.

"उ... उपास?"

"मोडला," ती म्हणाली. दुसरा चमचा पुढं आणला. "तुमी बोलू नका. सावकाश गिळा."