अडलेलं जोडाक्षर

दुपारचं जेवण आटोपून मंदाकिनी टेंभुर्णे आरामखुर्चीत टेकते. डोळे जड होतायत. मांडीवरच्या वहीत एकच ओळ आहे: ‘रसिका, यापुढे माझं सदर नको.’

भंडाऱ्याच्या एका साप्ताहिकात ती अकरा वर्षं दर गुरुवारी लिहीत आली. जगात काय चाललंय आणि गल्लीत काय चाललंय, दोन्ही. संपादक लांजेवार सर दिवाळीत गेले. अंक आता त्यांची मुलगी रसिका काढते, आणि मंदाकिनीच्या हातून शब्द निघत नाही. रोज कुठे ना कुठे बॉम्ब पडताहेत. त्यात हिच्या गल्लीचं कोणाला काय पडलंय?

पंख्याची घरघर लांब जाते. जवळ येते ती छापखान्याची. ती स्वयंपाकघरात उभी आहे, पण ओट्याच्या जागी छपाईचं यंत्र आहे आणि लांजेवार सर त्यावर चहा ठेवताहेत.

“सर, तुम्ही तर...”

“हो, गेलो. साखर किती?”

“अर्धा चमचा.”

आजारपणात खंगलेला त्यांचा चेहरा पुन्हा भरलाय.

“लेख कुठाय, बाई?”

“सुचत नाही. एवढ्या मोठ्या जगात माझं लिहिणं म्हणजे दर्या में खसखस.”

“बरं. आज काय पाहिलंत, ते तरी सांगा.”

कप उचलावा तर दोघं एसटीत बसलेली. खिडकीबाहेर रस्ता नाही, तलावाचं पाणी आहे; बस त्यावरून होडीसारखी चाललीय. तिला त्याचं नवल वाटत नाही. ती सांगू लागते. कोपऱ्यावर भाजी विकणाऱ्या साठीच्या गौराबाई हल्ली साक्षरता वर्गाला जातात. पुडी बांधायच्या आधी रद्दीचा कागद वाचून बघतात. आज मिरच्या बांधता बांधता थांबल्या, एका शब्दावर बोट ठेवून म्हणाल्या, ‘बाई, हे जोडाक्षर जमत नाही. काय लिवलंय?’

“मी म्हटलं, ‘युद्ध.’”

“मग?”

“म्हणाल्या, ‘एवढा कठीण शब्द! मंग लोकं एवढ्या सहज करतेत कसं?’”

पाणी खिडकीशी चुबुकचुबुक वाजतं.

“हे कोणाला सांगितलंत?”

“कोणालाच नाही.”

“आणि मला काय सांगता? मी मेलेला माणूस. जित्या माणसांना सांगा की!”

तिला हसू फुटतं. बस थांबते. सर पाण्यावर उतरतात, रस्त्यावरून निघावं तसे निघतात.

“सर, पुन्हा भेटाल?”

“अंकात लिहा. वाचीन,” ते मागे न वळता म्हणतात.

हसता हसताच तिला जाग येते. चार वाजलेत, गाल ओले आहेत. वही केव्हाच घसरून खाली पडलीय. शेजारच्या स्टुलावर विजेचं बिल पालथं पडलंय आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर तिच्याच अक्षरात, झोपेत तिरकी झालेली एक ओळ: ‘आमच्या गौराबाईंना आज एक शब्द अडला.’

ही कधी लिहिली, तिला आठवत नाही. ती ओळीवर अंगठा ठेवते. शाई ओली आहे.

तोच शाईचा अंगठा पेनाला टेकवून ती दुसरी ओळ लिहायला घेते.