अर्धा कोट माझा

लग्न होऊन डहाणूला आले तेव्हा दुकानात पडदा आधीच होता. रस्त्याकडच्या बाजूला आमचे हे, म्हणजे जेंट्स. पडद्यामागे सासूबाईंची मशीन, आता माझी, म्हणजे लेडीज. माझे वडील, आबा, तलासरीला कोट शिवायचे आणि चौदाव्या वर्षापासून मीही त्यांच्या शेजारी बसून कोट कापत होते. पण स्थळ बघायला आलेल्यांना आईने ‘मुलीला शिवण येतं’ एवढंच सांगितलं, आणि सासरच्यांनी त्याचा अर्थ ब्लाउज असा घेतला. त्याला एकोणीस वर्षं झाली. पडद्यापलीकडे जाड कापडातून कात्री चालल्याचा आवाज आला की माझे हात अजून शिवशिवतात. एकदा तरी कोट कापायला द्या, असं म्हटलं की हे शांतपणे सांगायचे, अगं, ते जेंट्सचं काम.

म्हणून ती उधवा गावची मुलगी मोबाइल पुढे धरून दुकानात शिरली तेव्हा मी पडद्यातून मान बाहेर काढली. इथे होस्टेलवर राहून कॉलेज करणारी, केस कानाच्या वर कापलेले, पायात भावाच्या वाटाव्यात अशा चपला. गॅदरिंगमध्ये व्हिडिओ गेममधल्या पात्रांचा वेष करायची स्पर्धा होती आणि तिला आठ दिवसांत कोट हवा होता. फोटोतल्या पात्राचे रुपेरी केस कमरेपर्यंत, डोळ्यांत काजळ, हातात स्वतःपेक्षा उंच तलवार. आणि अंगात काय कोट होता! गुडघ्यापर्यंत लांब, उभ्या कॉलरचा, पुढे दहा बटणं. ह्यांनी चष्मा पुसून मापाची वही उघडली. मी घाईघाईने विचारलं, “हा पुरुष आहे की बाई?”

कारण दुकानाचा नियम एकच होता. पुरुषाचं कापड त्यांच्याकडे, बाईचं माझ्याकडे. घालणारी मुलगी असली तरी कोट पात्राचा होता, आणि पात्र बाई निघालं तर तो माझा.

मुलगी म्हणाली, गेममध्ये कुठे लिहिलेलंच नाही. बनवणाऱ्यांनाही लोकांनी विचारून पाहिलंय, ते सांगत नाहीत. मग काय, दोघांनाही रान मोकळं. हे म्हणाले, खांदे बघ. मी म्हटलं, कंबर बघा. वाढवणहून मासळी घेऊन येणाऱ्या मावशी ब्लाउजच्या बाह्या सैल करायला आल्या होत्या, त्यांनी पाटी खाली ठेवून फोटो नीट पाहिला. एवढे केस मोकळे सोडून भांडायला निघालेली बाई मी पाहिली नाही, त्या म्हणाल्या, बाई आधी अंबाडा घालते. मी त्यांच्या बाह्या जरा कमीच सैल केल्या. शेजारचे लेस-बटणवाले शेठ डोकावले आणि हात जोडून म्हणाले, “आ तो देव जेवुं छे, पूछाय नहीं.” देवासारखं आहे, विचारायचं नसतं. त्यांचं काय जातंय, त्यांची बटणं दोन्हीकडे खपतात.

मी हार मानणाऱ्यातली नाही. मुलीकडून तो गेम माझ्या मोबाइलमध्ये घालून घेतला आणि दुपारी जेवण झालं की पुरावा शोधायला बसू लागले. लढाई संपली की ते पात्र तलवार पुसून जागेवर ठेवायचं. मी लगेच ह्यांना बोलावून दाखवलं. म्हणाले, पुरुष वस्तू जागेवर ठेवत नाहीत का? मी त्यांच्या जेवलेल्या ताटाकडे बघितलं, ते तिथेच होतं. ते ताट उचलून ठेवून आले आणि मोबाइल मागून घेतला. दोन मिनिटांत तीनदा मेले. मेले तरी पात्र ओरडलं नाही, रडलं नाही, म्हणजे पुरुषच, असा निकाल त्यांनी लावला. तोपर्यंत कापड तसंच पडून होतं.

तिसऱ्या दिवशी मुलगी माप द्यायला आली. मी गळ्यात टेप घेऊन पुन्हा तेच. बघ बाई, तुला आतून काय वाटतं, बाईच ना? तिने मोबाइलमधला तो फोटो पुढे धरला. मग म्हणाली, “काकी, मला लहानपणापासून एसटीत, बाजारात, पाहुण्यांत हेच विचारतात. पोरगा हाय का पोरगी? आणि ह्याला बघा, कोणी काय विचारत नाय. सगळे तलवारीला घाबरतात. एक दिवस मलापण कोणी विचारू नये.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुरावे शोधण्यात तीन दिवस घालवले होते, आणि त्यात तिच्यासाठी काहीच नव्हतं, सगळं माझ्या हावेपोटी. तरीही खरं सांगते, हाव सुटली नाही. मी ह्यांना म्हटलं, पात्राचं आपल्याला कळणार नाही, तेव्हा कोट मधोमध वाटून घेऊ. पाठीला मधे शिवण येतेच. डावा अर्धा तुमचा, उजवा माझा, बाहीसकट. दिवस कमी उरलेले, म्हणून ते कबूल झाले. माझा आनंद त्यांना दिसू नये म्हणून मी पडदा पूर्ण ओढून घेतला.

चार दिवस दोन्हीकडून मशिनी चालल्या. तयार झालेले अर्धे भाग जोडून आम्ही टेबलावर पसरले आणि घोटाळा लक्षात आला. पुरुषाच्या कोटाला काजं डाव्या बाजूला असतात आणि बटणं उजव्या. बाईच्या बरोबर उलट. त्यांनी सवयीने डाव्या बाजूला दहा काजं केली होती, मी सवयीने उजव्या बाजूला दहा. बटण लावायला जागाच उरली नव्हती. वीस भोकांचा तो कोट बघून शेठ इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मग त्यांनीच तोड काढली. दोन-दोन बटणं पाठीला पाठ लावून दोऱ्याने जोडायची आणि दोन्ही काजांतून ओवायची.

स्पर्धेच्या सकाळी मुलगी आली. कोट घातला, बटणं ओवली. एकदा डावी बाजू वर घेऊन लावली, सोडून मग उजवी वर घेऊन लावली. दोन्ही तऱ्हेने बसत होता. “भारी झालंय,” एवढंच म्हणाली, पण आरशासमोरून हलेना. मग तिने पुठ्ठ्याची तलवार दोन्ही हातांनी डोक्यावर उगारली. डावीकडून कोट तिच्या कानापर्यंत चढला. उजवी बाजू होती तिथेच राहिली.

हे पुढे आले. उजव्या काखेखाली बोट घालून शिवण चाचपली, खाली वाकून पुन्हा बघितली. तिला हात परत वर करायला सांगितला.

“काख इतकी वर कापायला कोणी शिकवलं तुला?”

“आबांनी,” मी म्हटलं. “ते बँडवाल्यांचे कोट शिवायचे. हात वर करून वाजवायचं असतं त्यांना.”

एकोणीस वर्षांत हा प्रश्न त्यांनी मला पहिल्यांदा विचारला होता. मला बरं वाटलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. त्यांनी मुलीच्या अंगातून कोट काढून घेतला, तिला पाच मिनिटं बसायला सांगितलं, ब्लेडने स्वतःची डावी बाही पार उसवली आणि माझ्या मशीनवर आणून ठेवली.

“ही पण तूच लाव.”